गाडीखाली हिरवं पाणी दिसलं तर

मैत्रिणींनो, घरातली मोटारसायकल फक्त पोरांची नसते. दूध, भाजी, बँकेचं काम, सगळं तिच्यावरच. स्प्लेंडर हवेवर थंड होते, तिला कूलंट लागतच नाही. पण पल्सर एनएस २०० किंवा आर१५ असेल, तर पुढच्या चाकामागे रेडिएटर असतो. त्याचं कूलंट गळालं तर इंजिन तापून जाम होतं आणि खर्च हजारांत जातो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग बघा. काळपट, बुळबुळीत असेल तर ऑइल. हिरवा, निळा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. डागाच्या बरोबर वर हात लावून बघा. पाइपाच्या टोकाला ओल असेल तर क्लिप बेताने आवळा. पाइप चिरला असेल तर बदलायचाच, चिकटपट्टी टिकत नाही. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय. ते मेकॅनिकचं काम. पण जागा तुम्हीच दाखवली, की अख्खा रेडिएटर कुणी गळ्यात मारणार नाही.

बाहेर थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय? मग गाडी चालूच करू नका.

गरम गाडीचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. बोअरचं पाणीही नको, आत क्षार धरतात.

आणि हो, कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं कुत्रं चाटतं, रांगतं बाळ बोट घालतं. लगेच माती टाकून उचला. उरलेलं पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका.