मनगट बरं झालं, हे कुणी ठरवायचं?

हात टेकून पडल्यावर मनगट सुजतं. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसत नाही. मग मुका मार म्हणायचं, पट्टी बांधायची आणि कामाला लागायचं. ऊस-केळीच्या तळोद्यात काय किंवा नंदुरबारहून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत काय, मजुरी बुडवून मनगटाचे लाड कोण करणार?

पण मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यांतल्या स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांना बांधणारा अस्थिबंध तुटला, तरी साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. मूठ आवळून काढलेल्या फोटोत दोघांमधली फट उघडी पडते. ती ३ मिलिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात. निदान लवकर झालं तर बंध शिवता येतो. उशीर झाला, तर मनगटाच्याच एका कंडरेची पट्टी हाडातून ओवून नवा बंध करतात.

त्यानंतर साधारण दोन महिने हात जखडलेला, मग व्यायाम. पकड वर्षभर सुधारत राहते. दुखणं बरंच कमी होतं. पण मनगट पूर्वीइतकं वाकत नाही आणि ताकद बहुधा दुसऱ्या हाताच्या मागेच राहते. गंमत अशी, की काही वर्षांनी एक्स-रेत फट पुन्हा रुंदावलेली दिसते आणि रुग्ण म्हणतो, ‘माझं चाललंय बरं!’

म्हणून रुग्णालाच विचारायची पद्धत आली. १९९८ साली कॅनडात तयार झालेली १५ प्रश्नांची मनगट-प्रश्नावली आज जगभर वापरतात. त्यात सुरीनं मांस कापता येतं का, दाराची मूठ फिरवता येते का, टॉयलेट पेपर वापरता येतो का, असं विचारलेलं आहे. तळोद्यातल्या बाईला यातलं काय विचारणार? तिला विचारावं भाकरी थापण्याबद्दल, हापशाबद्दल, भारा उचलण्याबद्दल.

हा नुसता रीतिरिवाजाचा फरक नाही. तळहात टेकून उठताना किंवा भाकरी थापताना मनगट मागे वळतं आणि जोर थेट त्या दोन हाडांवर येतो. कोयत्याच्या घावात मनगट मागून पुढे, करंगळीच्या बाजूला तिरकं फिरतं. या तिरक्या वाटेत स्कॅफॉइड आणि ल्युनेट एकमेकांपासून फारसे सरकत नाहीत. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट पहिले व्यायाम बहुधा याच दिशेनं देतात. अर्थात दिशा सोयीची असली, तरी उसाच्या कांड्यावर बसणारा हादरा सोयीचा नसतो. तेव्हा कोयता हाती घेण्याची घाई नको, आणि भाकरी आणखी काही दिवस दुसऱ्या कुणीतरी थापावी.