टाकीच्या पोटातला गंज

वर्ष-दोन वर्षे शेडमध्ये उभी असलेली जुनी मोटार प्रयत्नांती सुरू होते, थोडे अंतर जाते आणि चढणीला लागताच आचके देऊन बंद पडते. मेकॅनिक पेट्रोलचा फिल्टर उघडतो, तो त्यात तांबूस गाळ! फिल्टर बदलला की गाडी पुन्हा धावू लागते; पण चार दिवसांनी तीच रड. दोष फिल्टरचा नसतोच. तो असतो टाकीच्या पोटात. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. पण हौशी लोकांनी जपलेल्या जुन्या गाड्या आजही आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना हे दुखणे जडते.

विद्यार्थी मित्रहो, गंज चढायला लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन या दोहोंची गरज असते, हे तुम्ही शिकला आहात. मग पेट्रोलच्या टाकीत पाणी येते कोठून?

अर्धवट भरलेली टाकी जणू श्वास घेते. दिवसा तापल्यावर तिच्यातील हवा प्रसरण पावून बाहेर जाते. रात्री टाकी थंड झाली की बाहेरची दमट हवा आत येते. तिच्यातील बाष्प थंड पत्र्यावर दवासारखे जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते थेंब तळाशी जाऊन बसतात. शिवाय पेट्रोलमध्ये आता इथेनॉलही असते. आपल्या देशात २०२५ साली त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी फार झाले की दोघांचा मिळून वेगळा थर तळाशी साचतो. जुन्या टाक्यांच्या पोलादी पत्र्याला बहुधा शिसे व कथील यांचा मुलामा असतो. तो जेथे झिजतो तेथे गंज सुरू होतो. गंज सच्छिद्र असल्यामुळे खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि नळीवाटे फिल्टरकडे निघतो.

ही टाकी साफ करणे अनुभवी कारागिराचेच काम आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची! हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमके असे मिश्रण तयार होऊ शकते. म्हणून प्रथम टाकी गाडीतून काढून उघड्यावर रिकामी करतात आणि साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. गळती बुजवण्यासाठी अशा टाकीला घाईने झाळणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

नंतर आत पाणी व मूठभर नट किंवा बारीक साखळी टाकून टाकी खळखळवतात. सुटे पापुद्रे निघून जातात. चिकटून राहिलेल्या गंजासाठी सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाचा सौम्य द्राव वापरतात. सायट्रिक आम्ल गंजातील लोहाला आपल्याशी बांधून द्रावात ओढून घेते. फॉस्फरिक आम्ल गंजाचे फेरिक फॉस्फेटमध्ये रूपांतर करते:

Fe₂O₃ + 2H₃PO₄ → 2FePO₄ + 3H₂O

आता खरी कसोटी येते. आम्ल धुऊन काढले की आतला पत्रा अगदी उघडा पडतो. तो ओला राहिला, तर काही मिनिटांतच त्यावर पिवळसर तांबूस झाक चढते. सारी मेहनत पाण्यात! म्हणून सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल उदासीन करून, स्वच्छ पाण्याने विसळून, गरम हवेच्या झोताने टाकी ताबडतोब कोरडी करतात.

शेवटी इथेनॉलला टिकणारे इपॉक्सीसारखे लेपद्रव्य आत ओततात आणि टाकी सर्व बाजूंनी फिरवून प्रत्येक कोपऱ्यात पोहोचवतात. जादा लेप ओतून काढतात, नळ्यांची तोंडे मोकळी ठेवतात आणि लेप पुरता कडक व्हायला काही दिवस देतात. हा लेप पाणी व हवा यांना पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. मात्र पत्रा ओला किंवा तेलकट असताना लेप दिला, तर तो पत्र्याला धरत नाही. पुढे त्याचीच साले निघून नळीत अडकतात. म्हणजे रोगापेक्षा औषध भारी! पत्रा कुजून चाळण झाला असेल, तर लेपाच्या नादी न लागता टाकी बदलणेच बरे.

घरी टाकीला हात लावू नका. पण हेच शास्त्र तीन गंजक्या खिळ्यांवर पाहता येईल. खिळे दिवसभर लिंबाच्या रसात बुडवून ठेवा, जुन्या ब्रशाने घासा आणि पाण्याने धुवा. पहिला ओलाच ठेवा. दुसरा पुसून, उन्हात वाळवून त्याला नखरंगाचा लेप द्या. तिसऱ्याला ओला असतानाच तोच लेप द्या. आठवडाभर रोजची नोंद वहीत करा. कोणता खिळा टिकला आणि का, याचे उत्तर वर्गात सांगता आले, की टाकीचे सारे शास्त्र तुम्हाला कळले असे समजा.