स्वरलिपी आणि कलावंताचे स्वातंत्र्य

लिखित स्वरांपासून कलावंताने किती दूर जावे, हा प्रश्न केवळ पियानोवादकांचा नव्हे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी 'क्रमिक पुस्तकमालिके'त शेकडो चिजा लिपिबद्ध केल्या, तेव्हापासून तो आपल्यापुढेही उभा आहे.

भातखंडे-पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. त्यामुळे दरबारी कानडा व अडाणा या दोन्ही रागांतील गंधार कागदावर सारखाच दिसतो. गळ्यात मात्र दरबारीचा गंधार किंचित उतरून मंद आंदोलन घेतो. अडाण्यात त्यावर तसे रेंगाळत नाहीत. जो विद्यार्थी दरबारीचा गंधार लिहिल्याप्रमाणे सरळ लावील, त्याने लिपी पाळली आणि राग मोडला, असेच म्हणावे लागेल.

पियानोच्या पट्टीचा सूर वादकास हलविता येत नाही. त्याचे स्वातंत्र्य लय, आघात आणि पायपट्टी यांतच शोधावे लागते. शोपँचा डावा हात लय सांभाळी व उजवा तिच्याशी खेळे, असे त्याचे शिष्य सांगत; ठेक्यावर झुलणाऱ्या आपल्या बोलाची येथे सहजच आठवण होते. ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे ग्लेन गुल्डने ब्राम्सचा पहिला पियानो-कॉन्चेर्टो इतक्या विलंबित लयीत योजिला की, वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी आरंभीच श्रोत्यांपुढे आपली असहमती बोलून दाखविली. वाद्यवृंद मात्र त्यांनी गुल्डच्याच कल्पनेप्रमाणे चालविला! स्वर बदलण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. वाद होता लयीचा. आणि स्वरांइतक्या नेमकेपणाने लिहिली न जाता केवळ शब्दांनी सुचविली जाते, ती नेमकी लयच.