साक्याचे भाकीत

दोन निर्मळ, रंगहीन द्रावणे एकत्र ओतताच भांड्यात पांढरा साका उतरू लागतो, हे दृश्य कितीही विस्मयकारक वाटले तरी ते दैवाधीन नाही. कोणता क्षार पाण्यात राहील आणि कोणता बाहेर पडेल, याचा निवाडा आधीच करता यावा इतके नियम रसायनशास्त्राच्या दप्तरी नमूद आहेत. सोडियम, पोटॅशियम व अमोनियम यांचे बहुतेक सर्व क्षार आणि सर्वसामान्य नायट्रेटे विद्राव्य असतात. क्लोराइडांत चांदी व शिसे यांची, तर सल्फेटांत बेरियम व शिसे यांची अपवादात मोडतात. आणि कार्बोनेटे, वरील तिघांची वगळता, बहुधा विरघळत नाहीत. तेव्हा बेरियम क्लोराइडात सोडियम सल्फेट मिसळल्यास साका बेरियम सल्फेटचाच पडणार, हे नियमांवरूनच सांगता येते.

स्फटिकातील धन व ऋण आयन परस्परांना धरून राहतात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढून सोडवू पाहतात; या ओढाताणीत लिटरभर पाणी ३६० ग्रॅमच्या आसपास मीठ सामावून घेते, पण बेरियम सल्फेट जेमतेम अडीच मिलिग्रॅम. १८८९ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी या मर्यादेला गणिती रूप दिले: बेरियम सल्फेटसारख्या क्षाराच्या दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार त्या तापमानाच्या ठराविक आकड्यापुढे गेला, की जादा भाग साक्याच्या रूपाने बाहेर पडतो.

या हिशेबावर माणसाचे प्राण अवलंबून असतात. बेरियमचे विद्राव्य क्षार जहरी असूनही, जठर-आतड्यांच्या क्ष-किरण तपासणीसाठी डॉक्टर रुग्णास बेरियम सल्फेटचे दुधाळ मिश्रण निर्धास्तपणे पाजतात. बेरियम कार्बोनेटही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; परंतु जठरातील आम्ल त्यातील कार्बोनेटाचा कार्बन डायऑक्साइड करून टाकते, गुणाकार मर्यादेखाली घसरतो, उरलेला क्षार विरघळत जातो आणि विष रक्तात भिनते. सल्फेटापुढे मात्र त्या आम्लाची मात्रा चालत नाही. इतकेच नव्हे, तर विद्राव्य बेरियम पोटात गेले असता सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट पाजून ते रक्तात शिरण्यापूर्वीच साक्यात अडकवण्याची तजवीजही वैद्यकाने याच नियमावर केली आहे.

म्हणून एखाद्या क्षारापुढे अविद्राव्य असा शेरा दिसला, तर ज्या द्रवात तो पडणार त्यात आणखी काय काय आहे, याची चौकशी केल्यावाचून त्या शेऱ्यावर विसंबणे हे शास्त्राला धरून नाही आणि सुरक्षितही नाही.