मोठा टोमॅटो फुलातच ठरतो
परसबाग : भाग ९

मागच्या भागात आपण बांबू रोवून रोपं सुतळीने सैलसर बांधली. आता पहिल्या घोसात फुलं दिसू लागली असतील. ‘मोठ्या टोमॅटोसाठी कुठलं खत घालू?’ असं वाचक सारखं विचारतात. आकार आधी फुलात ठरतो, मग पाण्याने भरतो. खताचा नंबर त्यानंतरचा.

बाजारातला नेहमीचा टोमॅटो आडवा कापा. आत दोन-तीन कप्पे दिसतील. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ घरासाठी उत्तम, पण त्याचं फळ साधारण ९० ते १०० ग्रॅमचं. तीनशे-चारशे ग्रॅमचं फळ हवं असेल तर बीफस्टेक प्रकारचं बियाणं लागतं. त्यात कप्पे कितीतरी जास्त असतात. हा फरक फुलातच कळतो. साधं फूल पाच-सहा पाकळ्यांचं आणि सडपातळ. मोठ्या फळाच्या फुलाला पाकळ्या सात-आठ किंवा त्याहूनही जास्त, आणि पिवळ्या सुळक्याच्या टोकाशी डोकावणारी कुक्षी गोल टिंबासारखी नसून पसरट. कधी दोन-तीन फुलं एकत्र जुळल्यासारखं जाडजूड फूल येतं. ते विद्रूप म्हणून खुडू नका. त्याचं फळ वेडंवाकडं होईल, पण वजनात सगळ्यांना मागे टाकेल. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १९८६ साली निघालेला ‘डेलिशस’ जातीचा टोमॅटो ३.५१ किलोचा होता!

आपल्याकडे मोठं फळ हिवाळ्यातच साधतं. दिवसा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की पराग निकामी होतात, फुलगळ होते. वारा नसलेल्या गच्चीत सकाळी घोसाला हलकी टिचकी मारा, पराग झडतात.

फळं बोराएवढी झाली की घोसात दोनच ठेवा, बाकीची काढा. जीवावर येतं, ठाऊक आहे. पण फळातल्या पेशींची संख्या मुख्यतः पहिल्या दोनेक आठवड्यांत वाढते. नंतर त्या फक्त फुगतात. म्हणून उशिरा विरळणी करून फारसा उपयोग नाही. बगलफूटही कोवळी असतानाच मोडा.

फळाचं बूड काळं पडलं की बरेच जण रोग समजून फवारणी करतात. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी चिंब, असं झालं की ते बुडाशी पोचत नाही. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला, पाणी रोज बेताचं द्या. युरिया टाळा, नुसती पानं माजतात.

फळाने रंग धरला की तोडून घरातच पिकू द्या; वेलीवर ठेवलं तर तडकण्याची भीती असते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, चव जाते.

पुढच्या आठवड्यात फळ पोखरणाऱ्या अळीविषयी. तोवर घोस विरळ करताना हात आखडू नका.