गाळ आणि गिऱ्हाईक

१९९५ च्या सुमारास आर. जे. रेनॉल्ड्स या अमेरिकन सिगारेट कंपनीने सान फ्रान्सिस्कोतील समलैंगिक पुरुष व बेघर यांना गिऱ्हाईक करण्याची योजना आखली. आद्याक्षरे जुळवून तिला नाव दिले ‘प्रोजेक्ट स्कम’. स्कम म्हणजे गाळ! पुढे खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांचे अंतर्गत कागद उघड झाले, तेव्हा ही भाषा जगाला कळली. समाजाने झिडकारलेल्यांना एकमेकांस निर्भयपणे भेटण्यासाठी बहुधा मद्यगृहेच उरली होती. व्यापाऱ्याने त्यांना तेथेच गाठले. अमेरिकेतील समलैंगिक व उभयलैंगिक प्रौढांत धूम्रपानाचे प्रमाण इतरांहून अधिक आढळते, त्याचा दोष केवळ त्यांच्या मनोबलावर कसा ढकलता येईल? ‘सिगारेट सोडा’ हा उपदेश रास्तच. परंतु दवाखान्याच्या दारात अवहेलना होणार नाही, ही हमी त्याआधी हवी. तिरस्कार कायम ठेवून व्यसनमुक्ती साधत नसते.