चिंतेची चाकरी

चिता व चिंता यांत एका अनुस्वाराचेच काय ते अंतर, हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ते ऐकून कोणाची चिंता उणी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मुलाची परीक्षा, मुलीचे लग्न, सासऱ्यांचा रक्तदाब, घराचे हप्ते यांपैकी काहीतरी प्रत्येक घरी असतेच. आणि एकत्र कुटुंबात तर एकाची चिंता पाचजण वाटून घेण्याऐवजी पाचपट करून ठेवतात. म्हणून ‘चिंता करू नये’ हा कोरडा उपदेश बाजूस ठेवून, ज्यांनी ती सोसली त्यांनी प्रत्यक्षात काय केले हे पाहावे, असे आम्हांस वाटते.

ह्या शोधात आम्ही भायखळ्याच्या वाटेने जाणार आहोत. आगगाड्यांचा खडखडाट, बाजार, रुग्णालये यांनी गजबजलेल्या ह्या भागात अमेरिकन मराठी मिशनने ह्यूम हायस्कूल उभारले. मराठी ख्रिस्ती मंडळींचे ह्यूम स्मारक उपासनामंदिरही तेथेच आहे. ह्या मंडळींत जे नाव सर्वतोमुखी आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच झाला. टिळकांच्या मनाला त्यामुळे स्वस्थता लाभली असेल. परंतु मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्यास काय आले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

त्याच आयुष्यात दोन सवयी समोरासमोर उभ्या राहतात. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, आणि धुतली तरी मनाचे समाधान व्हावयाचे नाही! भीती मनात आणि पाणी मात्र हातांवर. मग ती धुऊन निघावी कशी? त्या सोवळ्याचा जाच घरातील बायकामुलांनी सोसला.

दुसरी सवय लक्ष्मीबाईंची स्वतःची. पतीचा वियोग झाल्यावर आप्तांच्या घरी काढलेल्या वर्षांत त्या आपले दुःख पद्यात मांडू लागल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईतच निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहाएक अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनी त्यास चौसष्ट अध्यायांची जोड देऊन ते पुरे केले.

ह्या दोहोंतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. धुण्याची सवय कधी संपत नाही. ओवी मात्र पुरी झाली की हात मोकळा करते. ज्या कृतीनंतर मनुष्य उठून आपल्या कामास लागतो, ती चिंता शमविणारी. जी पुन्हा पुन्हा केल्यावाचून राहवत नाही, ती चिंतेची चाकरी होय. मुलगा पोहोचला की नाही म्हणून दहा वेळा फोन पाहणे, रात्री तीनदा उठून गॅसची कळ तपासणे, ह्या आपल्या सवयी कोणत्या पंक्तीत बसतात, हे वाचकांनीच ठरवावे.

ख्रिस्ती प्रार्थनेचे बळ आम्हांस येथेच दिसते. उद्याचा भार आजच उचलू नये, अशी शिकवण येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली. पौलाने फिलिप्पैकरांस बंदिवासातून पत्र लिहिले. त्यात चिंतेचा विषय देवापुढे मागणीच्या रूपाने मांडावा आणि मागतानाच आभारही मानावेत, असे सांगितले. म्हणजे मोघम भीतीला नाव द्यावयाचे, ती एका विश्वासू हाती सोपवावयाची, मिळालेले आठवावयाचे आणि ‘आमेन’ म्हणून थांबावयाचे. हे थांबणेच महत्त्वाचे. आपल्या घरी देवापुढे सांजवात लावून हात जोडणाऱ्या आजीबाईंस हे निराळे सांगावयास नको.

टिळकांनी ही प्रार्थना अभंग-ओवीच्या चालीत आणली, ह्यातही एक शारीरिक लाभ आहे. लांब चरण गाताना श्वास आपोआप सावकाश सुटतो, आणि उच्छ्वास लांबला की हृदयाची धडधड मंदावते. ज्यांना गाता येत नाही त्यांनी पाच मिनिटे नुसता श्वास हळू सोडून पाहावा. दुसरा उपाय वहीचा. संध्याकाळची पंधरा मिनिटे नेमून मनातील चिंता लिहाव्यात. जिच्यावर उपाय आहे तिच्यापुढे उद्याचे एक काम लिहावे, नाही तिच्यापुढे रेघ मारून वही मिटावी. सकाळी राणीच्या बागेत किंवा आपल्या गल्लीत अर्धा तास चालावे, दुपारनंतरचा चहा आवरावा आणि निजताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

मात्र झोप उडाली, अन्न जाईना, किंवा धुण्या-तपासण्याची सवय अनावर झाली, तर तो श्रद्धेचा उणेपणा समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. १९०२ साली स्थापन झालेल्या भायखळ्याच्याच मसीना रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी-सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते. ‘तुझे आपले काहीतरीच’ असे म्हणून घरातील सुनेला किंवा मुलाला गप्प बसविणे, हा मात्र उपचार नव्हे.

लक्ष्मीबाईंच्या लहानपणी त्या घरात वडिलांचे सोवळे सर्वांनी सांभाळले. त्या सोवळ्यामागच्या भीतीची विचारपूस करण्याचे ज्ञान मात्र त्या काळी कोणापाशी नव्हते. आज ते आहे. आपल्या घरात असे कोणी अबोलपणे काही धूत बसले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि त्याला आधी बोलू द्यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.